कंडक्टर बद्रुद्दीन ते जॉनी वॉकर

स्मरणिकेच्या पानांवर एका सिनेनटाचे चरित्र पाहून काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, याची प्रस्तुत लेखकाला कल्पना आहे. या पानांतून आपण नेहमी सर सय्यद अहमद खान, मौलाना आझाद, डॉ. झाकिर हुसेन, न्या. बद्रुद्दीन तय्यबजी अशा थोरामोठ्यांविषयी वाचत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. परंतु यंदा मला दुसऱ्या एका बद्रुद्दीनची हकीकत सांगावीशी वाटते. हे बद्रुद्दीन बॅरिस्टर नव्हते, न्यायमूर्ती नव्हते. शाळेत ते जेमतेम सहावीपर्यंत गेले. मुंबईच्या बसमध्ये त्यांनी तिकिटे फाडली. पुढे साऱ्या हिंदुस्थानाने त्यांना ‘जॉनी वॉकर’ या नावाने ओळखले.

हा विषय मला सुचला तो एका पालकामुळे. गेल्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गातील एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलाच नाही. पंधरवडा उलटल्यावर मी चौकशीसाठी कल्याणला त्याच्या घरी गेलो. वडील रिक्षा चालवतात. रिक्षाच्या कर्जाचे हप्ते थकलेले, घरात आजीचे आजारपण, मागे तीन लहान भावंडे. मुलगा एका गॅरेजमध्ये कामाला लागला होता. मी शिक्षणाचे महत्त्व सांगू लागलो. वडिलांनी सारे अदबीने ऐकून घेतले. मग ते म्हणाले की, सर, जॉनी वॉकर तरी कुठे शिकला होता? आमच्या पोराला नकला छान येतात. नशिबात असेल तर तो शाळेवाचूनही वर येईल.

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. कारण त्यांनी सांगितलेली गोष्ट खरी होती. चहा पिऊन मी परत निघालो, पण तो प्रश्न मनातून जाईना. म्हणून मी या कलावंताचे सबंध आयुष्य नीट समजून घ्यायचे ठरवले. अर्धी गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक असते. उरलेली अर्धी फारसे कोणी सांगत नाही. ती येथे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

इंदूरचे घर

बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हे त्यांचे मूळ नाव. ११ नोव्हेंबर १९२६ ही त्यांची जन्मतारीख सर्वसाधारणपणे दिली जाते. जन्मगाव इंदूर. त्या काळी इंदूर ही होळकर संस्थानची राजधानी होती. राजदरबारामुळे तेथे मराठी भाषा आणि मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. त्याचबरोबर ते कापड गिरण्यांचेही शहर होते. बद्रुद्दीनचे वडील अशाच एका गिरणीत कामगार होते. कुटुंब मोठे, भावंडे पुष्कळ, आणि मिळवते हात एकट्या वडिलांचे.

पुढे वडिलांची गिरणीतील नोकरी गेली. गिरणी कामगाराची नोकरी जाणे म्हणजे काय, हे आपल्या ठाणे-कल्याण-भिवंडी परिसरातील वाचकांना फोड करून सांगायला नको. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून बाहेर पडलेली कितीतरी कुटुंबे इकडे सरकली. वागळे इस्टेटमधील कारखाने एकामागून एक बंद पडताना आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले, आणि भिवंडीचे यंत्रमाग मंदीत थांबले की घराघरांत काय होते तेही आपण पाहतो. पहिला फटका चुलीला बसतो, आणि दुसरा फटका घरातील मोठ्या मुलाच्या दप्तराला बसतो. बद्रुद्दीनच्या घरीही तसेच झाले. सहावीनंतर त्याची शाळा सुटली ती कायमची.

येथे विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बद्रुद्दीनने शाळा कंटाळून सोडली नाही, अथवा सिनेमाच्या वेडापायी सोडली नाही. परिस्थितीने त्याच्या हातातून पाटी काढून घेतली. या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे.

मुंबईतील धडपड

उपजीविकेसाठी कुटुंब मुंबईला आले. घरचा भार आता या पोरवयाच्या मुलावर आला. मिळेल ते काम त्याने केले. बर्फाच्या कांड्या विकल्या, फळे विकली, भाजी विकली, वह्या-पेन्सिली विकल्या. डोक्यावर किंवा खांद्यावर माल घेऊन मैलोन्‌मैल पायपीट केली. वह्या विकणाऱ्या त्या मुलाला स्वतःला वहीत लिहिण्याचे दिवस केव्हाच संपले होते. या योगायोगातील दुःख शिक्षकाला जरा अधिक जाणवते.

अशा दिवसांतही त्याने एक स्वप्न मनाशी जपले होते. त्या काळी नूर मोहम्मद चार्ली हे हिंदी पडद्यावरील अतिशय लोकप्रिय विनोदी नट होते. चार्ली चॅप्लिनवरून त्यांनी आपल्या नावापुढे ‘चार्ली’ लावले होते. बद्रुद्दीनचे ते दैवत. पडद्यावर चार्ली जे जे करीत ते ते हा मुलगा घरी येऊन करून पाहत असे. कोलांट्या मारायच्या, तोंडे वेडीवाकडी करायची, आवाज बदलायचा. शिकवणारा कोणी नव्हता. पाहायचे, लक्षात ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा करायचे, एवढीच त्याची तालीम.

अखेरीस त्याला ‘बेस्ट’च्या बसवर कंडक्टरची नोकरी मिळाली. मुंबईत मोटार बस सुरू झाली ती १५ जुलै १९२६ रोजी, म्हणजे बद्रुद्दीनची आणि मुंबईच्या बसची उमर जवळपास सारखीच. दुमजली बसगाड्या १९३७ पासून धावू लागल्या होत्या. ऑगस्ट १९४७ मध्ये ही वाहतूक मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटे आणि ती टोचण्याचा पंच, गर्दीतून वाट काढत जाणे, घंटी मारणे, थांब्यांची नावे पुकारणे, सुट्ट्या पैशांवरून होणारे वाद मिटवणे, असे हे दिवसभर उभ्याने करायचे काम. नोकरी साधी खरी, पण पगार दरमहा निश्चित होता आणि घरातील माणसे त्यावर जेवत होती.

बस हीच रंगभूमी

या नोकरीत बद्रुद्दीनला एक गोष्ट फुकट मिळाली. ती म्हणजे प्रेक्षक. बसमध्ये शेठजी असत, कारकून असत, हमाल असत, कॉलेजची मुले असत, कोळणी असत. प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी. हा तरुण कंडक्टर त्या सर्वांना न्याहाळत असे, आणि थांब्यांची नावे पुकारता पुकारता गमतीदार आवाज काढून, नकला करून उतारूंना हसवत असे. दिवसभर दमून घरी निघालेली माणसे घटकाभर आपला शीण विसरत. या उतारूंमध्ये एखादा सिनेमावाला असेल आणि आपल्याला पाहील, अशी आशा त्याच्या मनात सदैव असे.

सुट्टीच्या वेळात तो स्टुडिओंच्या फाटकावरही जाई. चित्रपटात गर्दीच्या प्रसंगांसाठी माणसे लागतात. त्यांना एक्स्ट्रा म्हणत. दिवसाला पाच रुपये मजुरी मिळे. त्या गर्दीत उभे राहून तो चित्रीकरण पाहत असे आणि मधल्या वेळात कलावंतांना नकला करून हसवत असे.

अशाच वेळी बलराज साहनी यांची नजर त्याच्यावर पडली. ही भेट बसमध्ये झाली की ‘हलचल’ चित्रपटाच्या सेटवर झाली, याविषयी दोन तऱ्हेच्या हकीकती सांगितल्या जातात. पण गुण ओळखणारे साहनीच होते, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. साहनी त्या सुमारास ‘बाजी’ या चित्रपटाची कथा-पटकथा लिहीत होते. दिग्दर्शक होते तरुण गुरुदत्त, नायक देव आनंद, आणि संस्था नवकेतन. साहनींनी बद्रुद्दीनला सुचवले की दारुड्याची ती नक्कल गुरुदत्तांपुढे करून दाखव.

पुढची गोष्ट चित्रपटसृष्टीत आजही आवडीने सांगितली जाते. एक दारुडा झोकांड्या खात थेट कचेरीत शिरला. त्याने मोठ्या लोकांसमोर वाटेल ती बडबड सुरू केली. गुरुदत्त आधी चकित झाले, मग हसू लागले, आणि शेवटी त्याला बाहेर काढण्याची वेळ आली. तेवढ्यात साहनींनी खूण केली आणि तो दारुडा ताठ उभा राहून अदबीने सलाम करता झाला. त्याच्या तोंडाला दारूचा वासही नव्हता. बद्रुद्दीनला ‘बाजी’त भूमिका मिळाली. हा चित्रपट १९५१ साली प्रदर्शित झाला. व्हिस्कीच्या एका प्रसिद्ध विलायती नावावरून गुरुदत्तांनीच त्याचे नामकरण केले. बद्रुद्दीन काझी त्या दिवसापासून जॉनी वॉकर झाले.

दार कोणी उघडले ?

वरील प्रसंग ऐकून आपण म्हणतो, काय हे नशीब! परंतु जरा थांबून पाहू या. या अशिक्षित तरुणाचा गुण ओळखणारे बलराज साहनी हे कोण होते? लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झालेले, गुरुदेव टागोरांच्या शांतिनिकेतनात काही काळ अध्यापन केलेले, लंडनला बीबीसीच्या हिंदी विभागात काम केलेले हे गृहस्थ. थोडक्यात, ते एक शिक्षक होते. गुरुदत्त मॅट्रिकनंतर अलमोड्याला उदय शंकर यांच्या कलाकेंद्रात नृत्य शिकले आणि पुढे पुण्याच्या प्रभात कंपनीत उमेदवारी करून कामाला लागले. पुढे ज्यांच्याबरोबर जॉनी वॉकर यांनी ‘नया दौर’ आणि ‘मधुमती’ गाजवले, ते दिलीपकुमार म्हणजे युसुफ खान हे मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम शाळेचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या वाचनाची ख्याती होती.

म्हणजे जॉनी वॉकर शिकले नव्हते हे खरे, पण त्यांच्यासाठी दार उघडणारी आणि त्यांच्या कलेला चौकट देणारी माणसे शिकलेली अथवा रीतसर तालीम घेतलेली होती. त्या दारापर्यंत पोहोचायला बद्रुद्दीनला वर्षानुवर्षे उन्हातान्हात हिंडावे लागले. आणि दररोज पाच रुपयांसाठी जी गर्दी स्टुडिओच्या फाटकावर उभी राहत असे, तिच्यातील बाकीच्यांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्या गर्दीतही मुलगे होते, नकला करणारेही असतील. आपण उदाहरण देतो ते एकाचे, हे विसरता कामा नये.

भरभराटीचा काळ

‘बाजी’नंतर जॉनी वॉकर यांनी मागे वळून पाहिले नाही. गुरुदत्त यांच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात ते असत. ‘जाल’ (१९५२), ‘आर पार’ (१९५४), ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५), ‘सी. आय. डी.’ (१९५६), ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज के फूल’ (१९५९), ‘चौदहवीं का चांद’ (१९६०) ही त्यांतील ठळक नावे. बारीक मिशी, रबरासारखा हवा तसा वळणारा चेहरा, थोडासा नाकातून येणारा चिरका आवाज आणि मिश्किल डोळे एवढ्या भांडवलावर त्यांनी माणसामाणसांतील फरक दाखवला.

‘सी. आय. डी.’मध्ये ते खिसेकापू आहेत. मुंबई शहराचे गुणदोष सांगणारे त्यातील गाणे मजरूह सुलतानपुरी यांनी लिहिले, ओ. पी. नय्यर यांनी चाल दिली आणि मोहम्मद रफी व गीता दत्त यांनी गायिले. ज्या मुंबईच्या रस्त्यांवर बद्रुद्दीनने बर्फाच्या कांड्या विकल्या, त्याच मुंबईचे गाणे पडद्यावर त्यांच्या वाट्याला यावे, हा केवढा योग! रफीसाहेब त्यांच्यासाठी गाताना आवाज असा वळवीत की स्वतः जॉनी वॉकरच गात आहेत असे वाटे. पुढे पुढे तर चित्रपटात त्यांचे एक तरी गाणे असावे असा आग्रह वितरकच धरू लागले.

‘प्यासा’तील अब्दुल सत्तार ही त्यांची भूमिका मला सर्वांत मोलाची वाटते. अब्दुल सत्तार हा डोक्याला तेल लावून चंपी करणारा गरीब माणूस. शिकलेले, प्रतिष्ठित लोक नायकाला, म्हणजे कवी विजयला झिडकारतात. सख्खे भाऊ त्याला ओळख देत नाहीत. पण विजयला वेड्यांच्या इस्पितळात डांबले असता त्याला बाहेर काढण्यासाठी धावतो तो हा चंपीवाला. प्रेक्षक त्याच्या गाण्यावर हसतात, परंतु चित्रपटगृहातून बाहेर पडताना त्याच्याविषयी मनात आदर घेऊन जातात. कष्टकरी माणूस हा थट्टेचा विषय नाही, हे जॉनी वॉकर यांनी व्याख्यान न देता शिकवले. ते स्वतः तसेच कष्ट करून वर आले होते, म्हणून त्यांना ते साधले.

‘नया दौर’ (१९५७) या बी. आर. चोप्रा यांच्या चित्रपटाची गोष्ट तर आपल्या भागातील प्रत्येक रिक्षावाल्याने आणि मागवाल्याने पाहण्यासारखी आहे. गावात मालकाचा मुलगा यंत्रे आणतो, मग बस आणतो, आणि टांगेवाल्यांची रोजी बुडू लागते. दिलीपकुमार टांगेवाला, आणि जॉनी वॉकर मुंबईहून आलेले वार्ताहर. एके काळचा बस कंडक्टर आता त्या चित्रपटात टांगेवाल्यांची बाजू जगापुढे मांडणाऱ्या पत्रकाराच्या वेषात उभा होता.

बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ (१९५८) मधील भूमिकेबद्दल त्यांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘शिकार’ (१९६८) साठी विनोदी अभिनयाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाची मोहिनी एवढी की १९५७ साली चक्क ‘जॉनी वॉकर’ याच नावाचा चित्रपट निघाला. एकंदर त्यांच्या चित्रपटांची संख्या सुमारे तीनशे भरते.

१९७१च्या ‘आनंद’मध्ये त्यांचे काम थोडेच आहे, पण ते विसरता येत नाही. हृषीकेश मुखर्जींच्या या चित्रपटात ते ईसाभाई सूरतवाला नावाचे नाटकवाले आहेत. मरणाच्या वाटेवर असलेला आनंद अनोळखी माणसांना जुन्या मित्राच्या नावाने हाक मारतो. ईसाभाई गमतीने त्या हाकेला ओ देतात. पुढे आनंदचे दुखणे कळल्यावर हा हसवणारा माणूस आपले अश्रू लपवतो. ज्यांनी वीस वर्षे लोकांना हसवले त्यांनी त्या एका प्रसंगात साऱ्या चित्रपटगृहाला रडवले.

नाव मद्याचे, वर्तन निर्व्यसनी

आता त्या नावाविषयी. पडद्यावर दारुड्याच्या भूमिका करून आणि व्हिस्कीचे नाव धारण करून जगप्रसिद्ध झालेल्या या माणसाने प्रत्यक्ष आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, असे ते स्वतः सांगत आणि त्यांच्या निकटचे लोकही सांगतात. चित्रपटसृष्टीतील मेजवान्या, पैसा, मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या बैठकी यांच्यात राहून हे पाळणे सोपे नव्हे. पडद्यावरचा दारुडा हा त्यांचा पेशा होता. घरी ते नेमाने वागणारे आणि आपला धर्म मानणारे गृहस्थ होते. रविवारी काम न करण्याचा नियमही त्यांनी केला होता, कारण तो दिवस कुटुंबाचा.

दुसरा नियम जिभेचा. आपल्या एवढ्या चित्रपटांत सेन्सॉरने आपले एक वाक्यही कापले नाही, याचा त्यांना अभिमान होता. आई, बहीण, मुलगी शेजारी बसली असताना खाली मान घालावी लागेल असा विनोद त्यांनी केला नाही. आज मोबाइलवर मुले जे पाहतात ते पाहिले की या नियमाची किंमत कळते.

‘आर पार’च्या वेळी त्यांची नूरजहाँ ऊर्फ नूर यांच्याशी ओळख झाली. त्या अभिनेत्री शकीला यांच्या भगिनी. नूर यांच्या घरच्यांचा विरोध असताना हा विवाह झाला, आणि तो शेवटपर्यंत टिकला. त्यांना तीन मुलगे व तीन मुली झाल्या. पैकी नासिर खान यांनी पुढे अभिनयाचे क्षेत्र निवडले.

उतरता काळ

१० ऑक्टोबर १९६४ रोजी गुरुदत्त यांचे अकाली निधन झाले. जॉनी वॉकर यांचा जिवलग मित्र आणि त्यांच्या कलेचा खरा जाणकार गेला. चित्रपटाची तऱ्हाही बदलू लागली. विनोदासाठी वेगळे नट आले, विनोदाचा सूर चढा झाला, काही ठिकाणी तो उथळ झाला. जॉनी वॉकर यांना हे मानवेना. वाटेल ते करून पडद्यावर टिकून राहण्यापेक्षा त्यांनी काम कमी करणे पसंत केले. १९८०च्या दशकात ‘पहुंचे हुए लोग’ हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. त्यानंतर दीर्घ काळ ते पडद्यापासून दूर होते. १९९७ साली कमल हासन यांच्या ‘चाची ४२०’मध्ये ते रंगभूषाकाराच्या भूमिकेत दिसले, आणि आमच्या पिढीने त्यांना प्रथम पाहिले ते तेव्हा. तो त्यांचा जणू निरोपाचा सलाम ठरला.

२९ जुलै २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मी तेव्हा शाळकरी होतो. संध्याकाळच्या बातम्यांत त्यांची जुनी गाणी दाखवत होते, आणि कधीही सिनेमाविषयी न बोलणारे माझे वडील दूरदर्शन संचासमोर गप्प बसून राहिले होते, एवढे मला स्पष्ट आठवते.

ते अर्धे राहिलेले उत्तर

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. जॉनी वॉकर तरी कुठे शिकला होता? नव्हते शिकले. पण याबद्दल त्या थोर कलावंताला स्वतःला काय वाटत होते? पैसा, कीर्ती, पारितोषिके सारे मिळाल्यावरही सहावीत शाळा सुटल्याची खंत त्यांना होती, आणि ती त्यांनी बोलून दाखवली होती. आपण न शिकता मोठे झालो, तेव्हा मुलांनाही शिक्षणाची गरज नाही, असे ते म्हणाले नाहीत. हाती चार पैसे आल्यावर त्यांनी आपल्या मुलग्यांना शिक्षणासाठी थेट अमेरिकेला पाठवले.

वाचकहो, माझ्या मते त्या चरित्राचा निकाल येथे लागतो. ज्याने न शिकता यश मिळवले, त्याने स्वतःच्या मुलांच्या बाबतीत नशिबावर भरवसा ठेवला नाही. आपण ज्या वाटेने आलो ती वाट किती अवघड होती आणि तिच्यावर किती जण मागे पडले, हे त्याने पाहिले होते. त्याचे उदाहरण आपण द्यायचे तर पूर्ण द्यावे. बसमधील कंडक्टर तेवढा घ्यायचा आणि अमेरिकेला मुले पाठवणारा बाप सोडून द्यायचा, हे बरोबर नाही.

हा प्रश्न एका घराचा नाही. २००६ साली न्या. सच्चर समितीचा अहवाल आला. सहा ते चौदा वयाची सुमारे पंचवीस टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, अथवा मध्येच शाळा सोडून बसली होती, असे त्यात नमूद आहे. म्हणजे चारांतील एक. बद्रुद्दीनच्या बालपणी गरीब मुलाला शाळेत ठेवणारा कायदा नव्हता. १ एप्रिल २०१० पासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. जे त्याला मिळाले नाही ते आपल्या मुलांच्या हातात आहे.

एक कबुली मला माझ्याकडूनही द्यायची आहे. तो मुलगा वर्गात माझी नक्कल करीत असे, आणि त्याबद्दल मी त्याला दोन वेळा वर्गाबाहेर उभे केले होते. त्याच्या वहीत चुका शोधल्या, पण त्याची नजर किती तीक्ष्ण आहे हे मी कधी मान्य केले नाही. बलराज साहनींनी एका नकलाकारात कलावंत पाहिला. मी, बी. एड. झालेला शिक्षक, फक्त खोडकरपणा पाहिला. मुले शाळा सोडतात त्याला दारिद्र्य कारण असतेच, पण शाळेत आपल्याला कोणी ओळखत नाही ही भावनाही काही वेळा कारण असते.

मी पुन्हा त्या घरी गेलो आणि जॉनी वॉकर यांची ही उरलेली गोष्ट सांगितली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. आई मात्र आतून म्हणाली की, स्वतःच्या मुलांना शिकवले ना त्यांनी, मग आपणही शिकवू. तडजोड अशी झाली की मुलाने सकाळी शाळेत यावे आणि दुपारनंतर दोन-तीन तास गॅरेजमध्ये हलके काम शिकावे. मुलगा परत आला. स्नेहसंमेलनात त्याने मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सर्वांच्या नकला केल्या, आणि त्यात माझा नंबर पहिला होता. आता तो दहावीत आहे. बीजगणित कच्चे आहे, हप्ते अजून संपलेले नाहीत, आणि मार्चची परीक्षा समोर आहे. तो पुढे नट होईल, मेकॅनिक होईल की आणखी कोणी, हे मला सांगता येणार नाही. तो जे होईल ते दहावी पास होऊन व्हावे, एवढीच माझी खटपट आहे.

विद्यार्थी मित्रांनो, अंगात कला असेल तर ती जरूर जोपासा. बद्रुद्दीनसारखे पाहा, ऐका, पुन्हा पुन्हा करा, आणि कोणतेही कष्टाचे काम हलके मानू नका. व्यसनापासून दूर राहा आणि जिभेवर ताबा ठेवा. आणि पालकांना एवढीच विनंती की, घरात अडचण आली तर मुलाचे दप्तर खुंटीला टांगण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन आम्हा शिक्षकांना भेटा. फी, वह्या, वेळ, अभ्यास, कशात तरी मार्ग निघतो. त्या गिरणी कामगाराच्या मुलासाठी तेव्हा कोणी मार्ग काढला नाही, आणि त्याची खंत त्याला एवढ्या कीर्तीनंतरही राहिली. ती खंत आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये.